अपूर्ण मूल, पूर्ण मूल : सहशालेय उपक्रमांमागील तात्त्विक प्रश्न

भाषा, गणित, विज्ञान, इतिहास या परीक्षेच्या विषयांबरोबरच शाळेत खेळ, संगीत, चित्रकला, नाट्य, हस्तव्यवसाय, सहल, हस्तलिखित, वक्तृत्व, स्नेहसंमेलन अशा ज्या गोष्टी चालतात, त्यांना पूर्वी अभ्यासेतर, नंतर अभ्यासपूरक आणि आता बहुधा सहशालेय उपक्रम म्हटले जाते. त्यांचे समर्थन करताना शिक्षणशास्त्राची पाठ्यपुस्तके, मुख्याध्यापकांची प्रास्ताविके आणि शासनाची परिपत्रके जवळजवळ एकाच सुरात सांगतात की या उपक्रमांमुळे नेतृत्वगुण वाढतात, संघभावना रुजते, एकाग्रता सुधारते आणि अंतिमतः अभ्यासही चांगला होतो. हे सारे काही अंशी खरे असेलही; परंतु या समर्थनात गृहीत धरलेली एक गोष्ट क्वचितच तपासली जाते. मुलाने गावे ते कशासाठी, धावावे ते कशासाठी, मातीचा बैल करावा तो कशासाठी, या प्रत्येक प्रश्नाला गाण्याच्या, धावण्याच्या आणि बैलाच्या बाहेरचे उत्तर असलेच पाहिजे, असे ते गृहीतक आहे. एखाद्या कृतीला स्वतःबाहेरचे प्रयोजन, म्हणजे जे मिळवण्यासाठी ती केली जाते असे फळ, नसेल तर ती निरर्थक ठरते काय, हा प्रश्न शिक्षणशास्त्राच्या फार पूर्वीपासून धर्मचिंतनाने विचारलेला आहे.

ब्रह्मसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायाच्या पहिल्या पादात तो अत्यंत नेमक्या रूपात येतो. तेथे पूर्वपक्ष, म्हणजे सिद्धान्ताआधी प्रामाणिकपणे मांडून घ्यावयाचा प्रतिपक्ष, असा आहे की शहाणा कर्ता प्रयोजनावाचून काहीही करीत नाही. प्रयोजन असणे म्हणजे काहीतरी उणे असणे. ब्रह्म तर परिपूर्ण आहे, तेव्हा त्याने जग निर्माण केले असे म्हणताच येत नाही. यावर सूत्रकारांचे उत्तर असे की लोकव्यवहारात दिसते तशी ही केवळ लीला आहे. शंकराचार्य भाष्यात दोन दृष्टान्त देतात : ज्याच्या सर्व इच्छा पुरलेल्या आहेत असा राजा क्रीडेत रमतो त्याचा, आणि कोणत्याही बाह्य हेतूवाचून सहज चालणाऱ्या श्वासोच्छ्वासाचा. सृष्टीविषयीची ही चर्चा व्यवहाराच्या पातळीवरची आहे, परमार्थाची नव्हे, अशी पुस्तीही ते जोडतात. पण येथे महत्त्वाचा आहे तो युक्तिवादाचा गाभा. कृती दोन उगमांतून निघू शकते. एक उगम उणेपणाचा, जेथून निघालेली कृती ते उणे भरून निघेपर्यंत साधन असते. दुसरा भरलेपणाचा, जेथून निघालेली कृती कोणाचेही साधन नसते आणि तरीही निरर्थक नसते.

हा भेद शाळेला लावला की सहशालेय उपक्रमांचा प्रश्न वेगळ्याच जागी जाऊन पोहोचतो. शाळा ही संस्था मुळातच मुलाच्या उणेपणावर उभी आहे : त्याला वाचता येत नाही, पाढे येत नाहीत, जिल्ह्याची नदी ठाऊक नाही, म्हणून तर शाळा. यात काही गैर नाही, कारण अज्ञान खरेच असते आणि ते दूर करणे हे शिक्षकाचे कर्तव्यच असते. परंतु दिवसाचे सहा-सात तास आणि वयाची दहा-बारा वर्षे ज्या जागी मूल केवळ ‘अजून न झालेला माणूस’ म्हणून पाहिले जाते, त्या जागी त्याला आपण आत्ताही पुरते माणूस आहोत याची जाणीव कोठून व्हावी? सहशालेय उपक्रमांचे खरे स्थान या प्रश्नाच्या उत्तरात आहे. शाळेने मुलाला अपूर्ण न मानण्याचा तो अवकाश आहे, आणि त्याचे समर्थन जेव्हा भावी लाभाच्या हिशेबाने केले जाते, तेव्हा तो अवकाशही पुन्हा उणेपणाच्या खात्यात जमा होतो.

मराठी मुलुखात ही दृष्टी केवळ भाष्यग्रंथांत राहिली नाही. ज्ञानदेवांनी ‘अमृतानुभवा’त जग म्हणजे अज्ञानातून उपजलेला भ्रम ही भूमिका बाजूला सारून ते चैतन्याचे स्वतःशीच चाललेले रमणे आहे, अशी मांडणी केली, तिलाच अभ्यासक चिद्विलासवाद म्हणतात. पुढे एकनाथांनी भारुडांसाठी फुगडी, हुतुतू यांसारखे अंगणातले खेळ निवडले आणि तुकोबांनीही हमामा, टिपरी अशा पोरांच्या खेळांवर अभंग रचले. या रचनांत खेळाचे रूपक करून अध्यात्म सांगितले आहे, हे तर खरेच. पण वारीच्या रिंगणाभोवती वयस्क माणसे आजही खरोखरीची फुगडी घालतात, तेव्हा ती रूपकाचा अर्थ समजावून देत नसतात, ती फुगडीच घालत असतात. ज्या परंपरेने खेळाला उपासनेच्या आवारात जागा दिली, तिच्या प्रदेशातील शाळेने खेळाला अभ्यासाच्या आवाराच्या कडेला उभे करावे, हे खटकल्यावाचून राहत नाही.

याहून जुनी साक्ष नाट्यशास्त्राच्या पहिल्या अध्यायातील उत्पत्तिकथेची आहे. तेथे इंद्रादी देव ब्रह्मदेवाकडे जातात आणि पाहता व ऐकता येईल असे एक ‘क्रीडनीयक’, म्हणजे खेळणे, मागतात. जुन्या वेदांच्या श्रवणाचा अधिकार शूद्रांना नाकारलेला असल्याने सर्व वर्णांसाठी असा पाचवा वेद निर्माण करावा, अशीही त्यांची विनंती असते. आणि ब्रह्मदेव ऋग्वेदातून पाठ्य, सामवेदातून गीत, यजुर्वेदातून अभिनय व अथर्ववेदातून रस घेऊन नाट्यवेद सिद्ध करतात. मागितले खेळणे आणि मिळाला वेद. आणि हे दोन्ही एकच असण्यात कथाकाराला कोठेही विसंगती वाटलेली नाही. शिवाय जो वेद खेळणे आहे, तोच सर्वांना खुला आहे, ही गोष्ट पुढील विवेचनासाठी लक्षात ठेवण्याजोगी आहे.

पाश्चात्त्य परंपरेत याच विचाराच्या जवळ येतो तो ॲरिस्टॉटल. ‘पॉलिटिक्स’च्या आठव्या पुस्तकात तो त्या काळी रूढ असलेल्या लेखन-वाचन, व्यायाम, संगीत आणि चित्रकला या विषयांचा विचार करताना सांगतो की संगीत हे लेखन-वाचनासारखे व्यवहारोपयोगी नाही, व्यायामासारखे आरोग्यासाठीही नाही; ते मोकळ्या वेळातील मुक्त जगण्यासाठी आहे. चित्रकलाही खरेदीविक्रीत फसगत होऊ नये एवढ्यासाठी शिकू नये, तिने देहाचे सौंदर्य पाहण्याची दृष्टी यावी, असे तो म्हणतो. हा विचार मोठा आहे, पण त्याची किंमत कोणी मोजली हे विसरता येत नाही : ज्या नागरिकाला हा मोकळा वेळ मिळत होता, त्याच्या घरचे आणि शेतातले काम गुलाम करीत होते, आणि ॲरिस्टॉटलने ती व्यवस्था नैसर्गिक ठरवली होती. फळाची अपेक्षा नसलेली कृती श्रेष्ठ, हे तत्त्व ज्यांना पोटाची चिंता नाही त्यांचा विशेषाधिकार बनण्याचा धोका अशा रीतीने आरंभापासूनच त्याच्यासोबत आहे.

भारतात हा धोका उलट्या दिशेने प्रत्ययास आला. येथे हाताचे काम आणि ग्रंथाचे ज्ञान यांत जातीची भिंत होती, आणि इंग्रजी अमदानीतील शाळेने ती मोडण्याऐवजी कारकुनीच्या परीक्षेने पक्की केली. महात्मा फुले यांनी 1882 साली हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात प्राथमिक शाळेच्या अभ्यासक्रमात वाचन, लेखन, हिशेब यांच्याबरोबर शेतीचे प्राथमिक ज्ञानही असावे असे सुचवले, ते याच पार्श्वभूमीवर. ऑक्टोबर 1937 मध्ये वर्धा येथे भरलेल्या शिक्षण परिषदेत गांधीजींनी मांडलेली नयी तालीम आणखी पुढे गेली : सूतकताईसारखा हस्तव्यवसाय शिक्षणाच्या बाजूला बसवायचा नाही, त्याच्याच द्वारे गणित, भूगोल आणि इतिहास शिकवायचा, म्हणजे ‘सह’ हा शब्दच उरू नये, असा तो आग्रह होता. मात्र विद्यार्थ्यांच्या उत्पादनातून शाळेचा खर्च निघावा, या अपेक्षेमुळे टकळीवरचे सूत पुन्हा फळाच्या हिशेबात आले. योजनेचा तपशील ठरवणाऱ्या डॉ. झाकिर हुसेन समितीनेही आर्थिक बाजूवर भर देताना सांस्कृतिक व शैक्षणिक उद्दिष्टांचा बळी जाण्याचा धोका आपल्या अहवालात नोंदवून ठेवला होता. पुढे कोठारी आयोगाच्या (1964-66) शिफारशीतून कार्यानुभव हा विषय आला. अनेक शाळांत तो वहीत चिकटवलेल्या नमुन्यांपुरता उरला, आणि हाताला प्रतिष्ठा मिळण्याऐवजी त्याला फक्त श्रेणी मिळाली.

फळाच्या प्रश्नाची आजची सर्वांत ठळक जागा म्हणजे गुण. महाराष्ट्रात दहावीच्या परीक्षेला क्रीडा स्पर्धांतील सहभागासाठी, शासकीय रेखाकला परीक्षांसाठी आणि शास्त्रीय व लोककलांतील प्रावीण्यासाठी वाढीव गुण देण्याची तरतूद आहे. ॲलस्डेर मॅकिंटायर या तत्त्वज्ञाने ‘आफ्टर व्हर्च्यू’ (1981) या ग्रंथात एका काल्पनिक मुलाचे उदाहरण दिले आहे : त्याला बुद्धिबळात रस नाही, पण खेळलास तर खाऊ देईन आणि जिंकलास तर आणखी देईन, असे सांगून त्याला पटावर बसवले जाते. जोवर खाऊ हेच एकमेव कारण आहे, तोवर फसवून जिंकता आले तर फसवू नये यासाठी त्या मुलाकडे कोणतेही कारण नाही. पुढे कधीतरी त्याला बुद्धिबळातील विश्लेषणाची, कल्पकतेची आणि चुरशीची गोडी लागेल. मग मात्र फसवण्याने तो दुसऱ्याला नव्हे, स्वतःलाच हरवील. या गोडीला मॅकिंटायर त्या कृतीचे अंतर्गत श्रेय म्हणतो आणि खाऊला, पैशाला, प्रतिष्ठेला बाह्य श्रेय. वाढीव गुण हा असा खाऊ आहे. त्याचा सरसकट निषेध करणे उचित नाही, कारण ज्या घरात रंगपेटीवरचा खर्च उधळपट्टी समजला जातो, तेथे निदान गुणांच्या आशेने तरी मुलीला चित्रकलेच्या परीक्षेला बसू दिले जाते, आणि बसल्यावर तिला रंगांची ओढ लागू शकते. हानी सुरू होते ती शाळेलाही खाऊपलीकडे काही दिसेनासे होते तेव्हा. मग गुण मिळण्याची शक्यता संपली की दहावीच्या वर्गाचा चित्रकलेचा तास गणिताकडे जातो, आणि असे करण्यात काही चुकते आहे असे कोणाला वाटतही नाही.

भगवद्गीतेतील निष्काम कर्माची शिकवण येथे उपयोगी पडते, मात्र ती नीट समजून घेतली तर. फळावरील हक्क सोडणे म्हणजे कर्माच्या गुणवत्तेविषयी बेफिकीर होणे असा अर्थ गीता करीत नाही. उलट योगाची एक ओळख ती कर्मातील कौशल्य अशीच देते. तबल्यावर ठेका धरणाऱ्या मुलाची मात्रा चुकली तर ती चुकलीच, आणि ते त्याला सांगणे हे त्याच्यावरील प्रेमाचेच लक्षण आहे. ज्या शाळा सहशालेय उपक्रम म्हणजे कसेही करावे, सगळेच छान, असे मानतात, त्या मुलाला फळापासून मुक्त करीत नाहीत, त्याच्या कृतीला कवडीमोल ठरवतात. तरीही गीतेचा विचार येथे पुरा पडत नाही, कारण गीतेतील कर्म हे कर्तव्य आहे, आणि खेळ कर्तव्य म्हणून खेळता येत नाही. योहान हायझिंगा याने ‘होमो लुडेन्स’ (1938) या ग्रंथात म्हटल्याप्रमाणे हुकमावरून केलेला खेळ हा खेळ उरत नाही. मग वेळापत्रकात सक्तीने घातलेला शारीरिक शिक्षणाचा तास ही वदतोव्याघाताची, म्हणजे स्वतःलाच खोडून काढणाऱ्या विधानासारखी, गोष्ट होते काय?

कांटने शिक्षणावरील व्याख्यानांत हीच अडचण व्यापक रूपात मांडली होती : बंधनाच्या आधारे स्वातंत्र्य कसे वाढवायचे, हा शिक्षणातील सर्वांत कठीण प्रश्नांपैकी एक आहे. खेळापुरते त्याचे उत्तर खेळाच्या रचनेतच सापडते. खो-खोमध्ये आठ गडी एकाआड एक विरुद्ध दिशांना तोंडे करून बसतात. पाठलाग करणाऱ्याने एकदा दिशा घेतली की त्याला मागे फिरता येत नाही, पळणाऱ्याला मात्र कोठूनही वळता येते. आणि बसलेल्या गड्याला पाठीमागून खो मिळेपर्यंत उठता येत नाही. हे सारे नियम बंधनकारक आहेत, काही तर हेतुतः अन्यायकारक आहेत, आणि त्यांच्याविना खो-खो नावाची गोष्टच अस्तित्वात येणार नाही. बर्नार्ड सूट्स याने 1978 साली केलेली खेळाची व्याख्या अशीच आहे की अनावश्यक अडथळे ओलांडण्याचा तो स्वेच्छेने केलेला प्रयत्न होय. नियम स्वातंत्र्याच्या आड येत नाहीत. स्वीकार लादलेला असला की मात्र खेळ संपतो. म्हणून सक्ती शाळेवर असावी, मैदान, साहित्य, वेळ आणि जाणकार माणूस पुरवण्याची. मुलावर मात्र ती शक्य तितकी कमी असावी, आणि काय करायचे याची निवड त्याची असावी.

या विचाराला तत्त्वज्ञानातील एक भारदस्त आक्षेप आहे. आर. एस. पीटर्स याने ‘एथिक्स अँड एज्युकेशन’ (1966) या ग्रंथात असा युक्तिवाद केला की विज्ञान किंवा इतिहास शिकल्याने जीवनाच्या इतर अंगांवर प्रकाश पडतो, तर सायकल चालवणे, पोहणे किंवा गोल्फ यांत जाणून घेण्याजोगे फार थोडे असते आणि जे असते त्याने दुसऱ्या कशावरही फारसा प्रकाश पडत नाही. म्हणून शिक्षणात त्यांना तोलाचे स्थान देता येणार नाही. पीटर्स उपयुक्ततावादी नाही, ज्ञानाचे मूल्य तो ज्ञानातच शोधतो, त्यामुळे त्याचा आक्षेप हलका समजू नये. परंतु तो कृतीची श्रेष्ठता तिच्या ज्ञानव्याप्तीवर मोजतो आणि ती कृती करणाऱ्या मुलाकडे शाळा कोणत्या नजरेने पाहते हे त्याच्या हिशेबात येतच नाही. इतिहासाच्या तासाला सर्वांत व्यापक विषय चालू असतानाही मूल भरावयाचे भांडे असू शकते, आणि पोहताना, ज्यात जाणण्याजोगे थोडेच आहे असे मानले तरी, ते सर्वस्वी उपस्थित असू शकते.

या नजरेचा प्रश्न किती मूलभूत आहे हे वॉर्सामधील एका घटनेवरून कळते. यानुश कोर्चाक हा पोलिश डॉक्टर आणि शिक्षक ज्यू अनाथ मुलांचे वसतिगृह चालवीत असे. तेथे मुलांचे स्वतःचे न्यायालय होते, आणि मूल हे उद्याचे नव्हे, आजचेच माणूस आहे, ही त्याच्या शिक्षणविचाराची पायाभूत धारणा होती. नाझींच्या अमलाखाली हे वसतिगृह घेट्टोत, म्हणजे ज्यूंसाठी भिंत घालून बंद केलेल्या वस्तीत, हलवावे लागले. तेथे उपासमार आणि रोगराई चालू असताना 18 जुलै 1942 रोजी मुलांनी रवींद्रनाथ ठाकूर यांचे ‘डाकघर’ हे नाटक सादर केले : खोलीत कोंडलेल्या आजारी अमलची, राजाच्या पत्राची वाट पाहणाऱ्या मुलाची कथा. तीन आठवड्यांच्या आत कोर्चाक आणि सुमारे दोनशे मुले ट्रेब्लिंका येथील मृत्युछावणीकडे नेली गेली. मुलांना मृत्यू शांतपणे स्वीकारता यावा म्हणून हे नाटक निवडल्याचे त्याने सांगितले, असे म्हणतात; तसे असेल तर तेही एक प्रयोजनच म्हणावे लागेल. परंतु नेतृत्वगुण, व्यवसायातील यश, उत्तम नागरिकत्व, परीक्षेतील प्रगती या ज्या भावी लाभांवर सहशालेय उपक्रमांचे रूढ समर्थन उभे आहे, त्यांपैकी एकही येथे लागू पडत नाही, कारण या मुलांना भविष्यच ठेवलेले नव्हते. त्या सायंकाळच्या प्रयोगाला अर्थ होता असे जो मानतो, आणि न मानणारा माणूस सापडणे कठीण आहे, त्याने मुलाच्या कृतीचे मूल्य तिच्या उद्याच्या फळात नसते हे आधीच मान्य केलेले असते.

राहतो तो गरिबीचा आक्षेप, आणि तो सर्वांत गंभीर आहे. ज्या मजुराने कर्ज काढून मुलाला शाळेत ठेवले, त्याला मूल वाचायला कधी लागेल आणि नोकरीला कधी लागेल याची काळजी असणे स्वाभाविक आहे. त्याला लीलेचे तत्त्वज्ञान सांगणे क्रूरपणाचे ठरेल, असे म्हटले जाते. पण सधन घरातील मुलाला शाळेने गाणे दिले नाही तरी संध्याकाळी क्लास असतो, सुट्टीत शिबिर असते, घरात वाद्य असते. शाळेतून हा अवकाश काढून घेतला की तो केवळ गरिबाच्याच मुलापासून काढून घेतला जातो. ॲरिस्टॉटलच्या नगरातील विषमता अशा रीतीने पुन्हा उभी राहते, आणि यावेळी ती गरिबाच्या हिताच्या नावाने. नाट्यवेद सर्व वर्णांसाठी मागितला गेला होता, त्या मागणीचे मोल येथे कळते.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे 1945 पासून आणि पुढे 1957 पासून कोसबाडच्या टेकडीवर जे काम केले, ते या आक्षेपाला दिलेले प्रत्यक्ष उत्तर होते. माँटेसरी पद्धतीची महागडी साधने परवडणारी नव्हती, म्हणून त्यांनी शिंपले, बिया, माती, पाने यांपासून साधने घडवली; आणि गुरे राखण्यामुळे वारली मुले शाळेत येऊ शकत नाहीत असे दिसल्यावर शाळाच चरणीच्या माळावर नेली, जिला त्यांनी कुरणशाळा म्हटले. गुरांवर एक डोळा ठेवून तेथे गाणे, गोष्ट, मोजणी आणि खेळ चाले. यातला अभ्यास कोणता आणि अभ्यासपूरक कोणते, हे त्या माळावर ठरवता आले नसते. आणखी एक गोष्ट अशी की गुरे राखणारे मूल शाळेच्या लेखी उणे होते, कुरणावर मात्र ते जाणते होते. शिक्षिकेला गुरांविषयी त्याच्याकडून शिकता येत होते.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 याने अभ्यासक्रमीय, अभ्यासेतर आणि सहशालेय यांत कठोर भेद राहू नये असे म्हटले आहे, आणि इयत्ता सहावी ते आठवीच्या विद्यार्थ्यांनी दहा दिवस दप्तराविना स्थानिक कारागिरांकडे काम शिकावे अशी सूचना केली आहे. भिंत पाडण्याचा हा मनोदय स्वागतार्ह आहे. मात्र भिंत पडल्यावर कोण कोणाच्या घरात शिरते हे पाहावे लागेल. खेळाची मोकळीक गणिताच्या वर्गात आली तर उत्तमच. परंतु मापनाची सवय खेळाच्या मैदानावर आली, प्रत्येक गाण्यासमोर अध्ययन निष्पत्ती लिहिली गेली आणि समग्र प्रगतिपत्रकात मुलाच्या आनंदाचाही रकाना भरावा लागला, तर जो एक अवकाश उणेपणाच्या नजरेतून सुटला होता तोही जाईल. सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनातील वर्णनात्मक नोंदींचा अनुभव या बाबतीत आश्वासक नाही : शिक्षकाने मुलाला निरखून दोन ओळी लिहाव्यात या चांगल्या कल्पनेतून नमुना-वाक्यांच्या पुस्तिका जन्माला आल्या आणि तीच वाक्ये वर्गातील सगळ्या मुलांच्या नावापुढे उतरवली जाऊ लागली.

आणि निरखणारे माणूस तरी कोठे आहे? बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, 2009 हा मुलाच्या सर्वांगीण विकासाचा निर्देश करतो आणि त्याच्या अनुसूचीत सहावी ते आठवीच्या शाळांसाठी कला, आरोग्य व शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षण यांचे अंशकालीन निदेशक नेमण्याची तरतूद आहे. पण ती शंभरांहून अधिक पट असलेल्या शाळांपुरती. पहिली ते पाचवीसाठी अशी तरतूद नाही, आणि डोंगरातल्या पाड्यावर, जेथे सहावी ते आठवीचा पट तीस-चाळिसाच्या पुढे जात नाही, तेथे ती लागूच होत नाही. मुलाला पूर्ण मानण्याचा हक्क पटसंख्येवर अवलंबून ठेवणारे हे कलम बदलले पाहिजे, आणि तोवर अशा दोन-तीन शाळांना मिळून एक चित्रकार, एक गायक किंवा एक खेळाडू द्यावा, एवढे तरी जिल्हा परिषदांना आजही करता येण्याजोगे आहे.